बाळंतिणीचे मन आणि मोबाइलवरील अ‍ॅप: कोणत्या क्रमाने काय करावे

बाळंतपणानंतर मन सावरण्यासाठी अ‍ॅप वापरणारी जी घरे मी पाहिली, त्यांतील बहुतेक ठिकाणी क्रम उलटा होता. बाळ तीन-चार आठवड्यांचे असते, रात्रीचे अडीच वाजलेले असतात, एका हातावर बाळ आणि दुसऱ्या हातात फोन अशा अवस्थेत आई एखादे अ‍ॅप उतरवून घेते आणि त्यातील मनःस्थिती तपासणारी प्रश्नावली भरते. पडद्यावर एक आकडा येतो, त्याखाली तज्ज्ञांचा सल्ला घेण्याविषयी एक ओळ येते, आणि हा आकडा घेऊन कोणाकडे जायचे हेच ठरलेले नसल्यामुळे फोन उशीखाली जातो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत: आधी माणसे, मग फोन, मग अ‍ॅप आणि त्यानंतर प्रश्नावली.

हे सर्वांत आधी वाचा. झोपायला वेळ मिळूनही दोन-तीन रात्री अजिबात झोप न येणे आणि तरीही थकवा न जाणवणे, असंबद्ध बोलणे, इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येणे, घरच्यांवर विनाकारण संशय, बाळाविषयी विचित्र समजुती: यांपैकी काहीही दिसले तर कोणतेही अ‍ॅप उघडू नये. हा प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार असू शकतो. हजारात एक-दोन मातांना होणारा हा आजार बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो, आणि पूर्वी द्विध्रुवी विकार (बायपोलर, म्हणजे अतिउत्साह व नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार) झालेल्या स्त्रीला त्याचा धोका बराच अधिक असतो. बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात घालवलेला दिवस येथे महागात पडतो. १०८ किंवा ११२ वर फोन करून त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, आणि तोपर्यंत आईला व बाळाला एकटे ठेवू नये.

## १. आठव्या महिन्यात: दोन माणसे आणि पाच क्रमांक

ही तयारी प्रसूतीपूर्वीच करावी, कारण नंतर कोणालाही सवड नसते.

पहिले माणूस रात्री उठवता येईल असे आणि त्याच घरात राहणारे असावे. बाळंतपण माहेरी होणार असेल तर ते आई किंवा बहीण असेल, सासरी होणार असेल तर नवरा किंवा जाऊ. दुसरे माणूस घराबाहेरचे असावे, म्हणजे मैत्रीण, मावशी किंवा परिचयाच्या आशाताई. घराबाहेरचे माणूस वगळण्याकडे सर्वांचा कल असतो, पण ज्या त्रासाचे मूळ घरातच आहे तो त्रास घरातल्या माणसाला सांगता येत नाही. दोघांनाही पुढील वाक्य आधीच सांगून ठेवावे: ‘मी तुम्हाला प्रश्नावलीचा आकडा सांगेन. त्यावर उपदेश करू नका, मला घेऊन डॉक्टरांकडे चला.’

पाच क्रमांक आईच्या आणि पहिल्या माणसाच्या अशा दोन्ही फोनमध्ये नावानिशी साठवावेत. प्रसूती करणारे डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, आशाताई, टेली-मानस १४४१६, रुग्णवाहिका १०८ आणि महिला मदतवाहिनी १८१. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. ती विनामूल्य असून चोवीस तास चालते, आणि फोन लागल्यावर भाषा निवडता येत असल्याने मराठीत बोलता येते.

तपासा: १४४१६ वर प्रसूतीपूर्वी एकदा फोन लावून पाहा. कोणते बटण दाबल्यावर मराठी बोलणारे माणूस मिळते, हे रडत असताना प्रथमच शोधावे लागू नये.

## २. फोन कोणाचा आहे, हे स्पष्ट करा

हा टप्पा लहान आहे, पण तो चुकला तर पुढचे सारे वाया जाते. फोन नवऱ्याच्या नावावर असेल, ओटीपी त्याच्या फोनवर येत असेल किंवा दुपारी तोच फोन थोरल्या मुलाच्या हातात जात असेल, तर अ‍ॅपमध्ये लिहिलेले काहीही खासगी राहणार नाही, आणि खासगी नसेल तर आई खरे लिहिणार नाही. ती सर्व उत्तरे ‘बरे आहे’ अशी देते, आकडा चांगला येतो आणि घरचे निश्चिंत होतात. फोन स्वतःचा नसेल तर अ‍ॅपचा आग्रह सोडून छापील प्रश्नावली वापरावी. ती मानसोपचार विभागात मागता येते, आणि तिचे महत्त्व कणभरही कमी नाही.

## ३. अ‍ॅपची निवड: प्रत्येकाचे काम वेगळे

‘आईसाठी’ म्हणून मिळणाऱ्या अ‍ॅपमध्ये निदान चार प्रकारची सरमिसळ असते. पहिला प्रकार माहिती देणारा. त्याच्याच जवळची म्हणजे आरोग्य मंत्रालयाची किलकारी ही ध्वनिसंदेश सेवा. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला संदेश येतो. ती उपयुक्त आहे, परंतु मनाची चाचणी हे तिचे काम नाही. दुसरा प्रकार बाळाच्या नोंदी ठेवणारा, तिसरा श्वसनाचे व्यायाम किंवा गप्पा मारणाऱ्या यंत्राचा (चॅटबॉट), आणि चौथा प्रश्नावली व डॉक्टरांशी जोडणी देणारा. बहुतेक जणी दुसऱ्या प्रकारचे अ‍ॅप घेऊन चौथ्याची अपेक्षा करतात.

प्रश्नावलीच्या अ‍ॅपमध्ये कोणती प्रश्नावली आहे, ते प्रथम पाहावे. सर्वसाधारण मनःस्वास्थ्याच्या अनेक अ‍ॅपमध्ये पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते, आणि तिच्यात झोप, भूक व थकवा यांवर स्वतंत्र गुण मिळतात. दर दोन तासांनी अंगावर पाजणाऱ्या कोणत्याही आईची झोप मोडलेलीच असते, त्यामुळे मन ठीक असूनही तिचा आकडा फुगू शकतो. दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली, म्हणजे ईपीडीएस, बाळंतिणींसाठीच १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात असे शारीरिक प्रश्न मुद्दाम टाळलेले आहेत. झोपेचा प्रश्न तिच्यातही आहे, पण तो ‘मन इतके दुःखी होते की झोप लागली नाही’ अशा अर्थाचा आहे. शक्य असेल तेथे हीच निवडावी.

मराठी भाषांतर स्वतः वाचून पाहावे. मी पाहिलेल्या एका अ‍ॅपच्या मराठी रूपात स्वतःला दोष देण्याविषयीच्या प्रश्नातून ‘विनाकारण’ हा शब्दच गळला होता. दूध कमी आले म्हणून स्वतःला दोष न देणारी बाळंतीण मला तरी भेटलेली नाही, तेव्हा त्या एका शब्दाशिवाय प्रश्नाचा अर्थच पालटतो.

त्यानंतर पुढील परीक्षा घ्यावी, आणि ती आईने नव्हे तर पहिल्या माणसाने स्वतःच्या फोनवर घ्यावी. पहिल्या नऊ प्रश्नांना सर्वांत चांगली उत्तरे द्यावीत, आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या दहाव्या प्रश्नाला सर्वांत गंभीर उत्तर द्यावे. एकूण गुण फक्त ३ होतील. अशा वेळी अ‍ॅपने हसरा हिरवा चेहरा दाखवला तर ते तेथेच काढून टाकावे. मदतीचा क्रमांक दाखवला, तर तो भारतातून लागणारा आहे का ते पाहावे. परदेशी अ‍ॅप पुष्कळदा अमेरिकेतील ९८८ दाखवतात आणि तो येथे उपयोगाचा नाही. (अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मातांनी मात्र ९८८ आणि गरोदर व बाळंतीण स्त्रियांसाठीचा १-८३३-८५२-६२६२ हे दोन्ही क्रमांक साठवावेत.)

अ‍ॅपमधून समुपदेशक मिळत असेल तर त्याची नोंदणी विचारावी. डॉक्टरांकडे वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘वेलनेस कोच’ या पदवीमागे यांपैकी काहीच असेल असे नाही.

नेहमीची चूक: सात दिवस विनामूल्य म्हणून यूपीआय ऑटोपे मंजूर करणे. अ‍ॅप फोनमधून काढल्याने वर्गणी थांबत नाही. ती प्ले स्टोअरमधील पेमेंट व सदस्यत्वे या भागात जाऊन वेगळी रद्द करावी लागते.

## ४. फोनची मांडणी

अ‍ॅप उतरवल्यावर लगेच भरायला बसू नये. आधी पुढील पाच गोष्टी कराव्यात.

बंद पडद्यावर दिसणाऱ्या सूचनांचा मजकूर लपवावा. ‘आज तुम्हाला रडू आले का?’ अशी ओळ पाहुण्यांसमोर झळकली की आई सूचना बंद करत नाही, अ‍ॅपच काढून टाकते. त्यानंतर अ‍ॅपला संपर्क, स्थान, मायक्रोफोन यांच्या परवानग्या नाकाराव्यात, कारण प्रश्नावली भरायला यांपैकी कशाचीच गरज नसते. प्ले स्टोअरमधील अ‍ॅपच्या पानावर डेटा सुरक्षेचा विभाग असतो. तेथे माहिती इतरांना दिली जाते का आणि ती पुसून मागता येते का, एवढे दोनच मुद्दे पाहिले तरी पुरे. अ‍ॅपला पिनचे कुलूप लावावे. शेवटी रात्री ९ ते सकाळी ६ ‘व्यत्यय आणू नका’ सुरू करून त्यातून फक्त साठवलेल्या दोन माणसांचे फोन वाजतील अशी सोय करावी.

तपासा: पडदा बंद करून अ‍ॅपची एक सूचना येऊ द्या. शेजारी बसलेल्या माणसाला काही वाचता येते का?

## ५. पहिले दोन आठवडे: प्रश्नावली नको

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून विनाकारण रडू येणे, चिडचिड होणे, क्षणात हसू आणि क्षणात हुंदका, हे निम्म्याहून अधिक बाळंतिणींना होते आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. या दिवसांत भरलेली प्रश्नावली फारसे काही सांगत नाही आणि भीती मात्र घालते. अपवाद एवढाच की पूर्वी नैराश्य किंवा अन्य मानसिक आजार झालेला असेल तर आकड्याची वाट न पाहता प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांना सांगून ठेवलेले असावे. चालू औषधे तर स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत.

या काळात फोनमध्ये दोनच नोंदी ठेवाव्यात: सलग झोप किती तास मिळाली, आणि आज बाळाशिवाय अन्य कोणाशी बोलणे झाले का. बाळंतिणीला भेटायला येणारे सगळे बाळाकडेच पाहतात, त्यामुळे दुसऱ्या नोंदीतून अनेकदा अनपेक्षित चित्र दिसते.

बाळाच्या नोंदींबाबत माझे मत कडक आहे. पहिल्या आठवड्यात त्या हव्यात. पाचव्या दिवसापासून बाळ दिवसाला निदान सहा वेळा लघवी करते आहे का, हे मोजणे दूध पुरते की नाही हे समजण्यासाठी योग्यच आहे. बहुतेक बाळे दोन आठवड्यांपर्यंत जन्माच्या वजनावर परततात. वजन वाढू लागल्याचे डॉक्टरांनी सांगितले की त्या दिवशी हे मोजणे थांबवावे. कोणत्या बाजूने किती मिनिटे पाजले, याचे रंगीत आलेख तीन-तीन महिने काढत राहणारी आई बाळाकडे कमी आणि आलेखाकडे अधिक पाहू लागते, आणि ‘आज ११ मिनिटे कमी’ ही तिच्या काळजीची नवी बाब होते.

## ६. प्रश्नावली भरणे

तारखा आधीच ठरवाव्यात आणि त्या बाळाच्या लसींना जोडाव्यात: दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. लस चुकत नाही, म्हणून प्रश्नावलीही चुकत नाही. आशाताईंची ४२व्या दिवसाची गृहभेटही दीड महिन्याच्याच सुमारास येते. याशिवाय दोन तारखा माझ्या अनुभवातून जोडतो: माहेरून सासरी परतल्यानंतरचा दुसरा आठवडा, आणि नोकरी असेल तर रजा संपून कामावर रुजू झाल्यानंतरचा दुसरा आठवडा. सव्वा महिन्यानंतर मालिश, शेक, आयते ताट आणि बाळ घेणारे हात एकदम नाहीसे होतात, परंतु घरात सर्वांना आता ती ‘मोकळी झाली’ असे वाटत असते. नैराश्य बाळाच्या पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकते.

भरताना पुढील क्रम पाळावा.

पहिली गोष्ट, वेळ दिवसाची असावी. बाळ पहिल्या माणसाकडे द्यावे आणि दहा मिनिटे एकटीने बसावे. दुसरी, उत्तरे स्वतःच द्यावीत. सासूबाईंनी किंवा नवऱ्याने प्रश्न मोठ्याने वाचून ‘तसे काही नाही, हो ना?’ असे विचारले की ती चाचणी राहत नाही. लिहिता-वाचता येत नसेल तर आशाताईंनी किंवा परिचारिकेने बाजूला घेऊन विचारावे. तिसरी, प्रश्न गेल्या ७ दिवसांविषयी आहेत, फक्त आजच्या दिवसाविषयी नाहीत, हे भरताना आठवावे. म्हणूनच रोज भरण्यात काही अर्थ नाही. चौथी, पहिले मनात येईल तेच उत्तर निवडावे आणि शेवटी मागे जाऊन ‘बरे दिसेल’ असे करू नये.

कागदावर भरत असाल तर गुणांची बेरीज हमखास चुकते. प्रश्न १, २ आणि ४ यांच्या पर्यायांना वरून खाली ०, १, २, ३ असे गुण आहेत; ३ आणि ५ ते १० यांना उलट, वरून खाली ३, २, १, ० असे आहेत. सर्वच प्रश्न एका दिशेने मोजले तर हसतीखेळती आई आजारी ठरते आणि आजारी आई निरोगी.

तपासा: एकूण गुण ० ते ३० यांच्या दरम्यानच येतात. दहाव्या प्रश्नाचे उत्तर वेगळे लिहून ठेवले आहे का?

## ७. आकडा आल्यावर

प्रथम एकूण गुण नव्हे, दहावा प्रश्न पाहावा. त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ सोडून दुसरे काहीही असेल, अगदी ‘क्वचित’ असले तरी, त्याच दिवशी पहिल्या माणसाला सांगावे, १४४१६ वर बोलावे आणि डॉक्टरांना भेटावे. मनात ठरलेला बेत असेल किंवा साधन हाताशी असेल तर थेट रुग्णालय. घरातील औषधांच्या गोळ्या आणि शेतीची कीटकनाशके त्याच क्षणी कुलपात जावीत. हे काम पहिल्या माणसाचे आहे, आईचे नाही.

दहाव्या प्रश्नाचे उत्तर ‘कधीच नाही’ असेल तर मग बेरीज. ९ किंवा कमी असेल तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहावी. मात्र आकडा ६ असूनही जेवण टाकून भिंतीकडे तोंड करून पडलेली आई दिसत असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा. १० ते १२ असेल तर त्याच दिवशी ठरलेल्या माणसाला सांगावे, दोन आठवड्यांनी पुन्हा भरावे, आणि मधल्या काळात रोज एकदा तरी सलग चार-पाच तासांची झोप मिळेल अशी पाळी घरात लावावी. १३ किंवा अधिक असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर. या सीमा काटेकोर नाहीत. काही डॉक्टर याहून कमी गुणांवरही तपासणी करतात. आकडा म्हणजे निदान नव्हे, निदान डॉक्टर समोर बसवून बोलल्यावर करतात.

गोव्यातील जिल्हा रुग्णालयात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ टक्के मातांमध्ये प्रसूतीनंतरचे नैराश्य आढळले होते, आणि मुलीचा जन्म, नवऱ्याची मारहाण व गरिबी यांचा त्याच्याशी संबंध दिसला होता. यांपैकी काही तुमच्या घरात असेल तर अ‍ॅपमधील श्वसनाच्या व्यायामाने ते सुटणार नाही. घराबाहेरचे ते दुसरे माणूस आणि १८१ हा क्रमांक त्यासाठीच पहिल्या टप्प्यात घेतलेला आहे.

सावधान: गप्पा मारणाऱ्या यंत्राला रात्री आकडा सांगून तासन्‌तास सल्ला विचारत बसू नये. ते नम्रपणे ऐकते, म्हणून आईला सांगितल्याचे समाधान मिळते आणि माणसाला सांगायचे राहूनच जाते. बोलायचेच असेल तर बोलावे, पण तेच वाक्य सकाळी ठरलेल्या माणसाला पाठवावे.

## ८. डॉक्टरांकडे जाताना

फोन डॉक्टरांच्या हातात देऊ नये. बाह्यरुग्ण विभागात आलेख सरकवत बसायला वेळ नसतो. एका कागदावर प्रसूतीची तारीख, प्रश्नावलीच्या तारखा व गुण, दहाव्या प्रश्नाचे उत्तर, सलग झोपेचे तास, चालू औषधे आणि पूर्वी स्वतःला किंवा घरात कोणाला झालेला मानसिक आजार एवढे लिहावे. सुरुवातही आकड्यानेच करावी: ‘बाळंतपणाला सात आठवडे झाले, तीन आठवड्यांपासून मन उदास आहे, प्रश्नावलीत १५ गुण आले.’ ‘जरा थकवा वाटतो’ अशी सुरुवात केली तर लोहाच्या गोळ्या घेऊन परत यावे लागते. अर्थात हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेणे योग्यच आहे, कारण त्यांतील बिघाडानेही अशीच लक्षणे दिसतात.

कोणाकडे जावे, हे ठरत नसेल तर प्रसूती झाली तेथेच प्रथम जावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. औषध सुरू केले की दूध तोडावेच लागते, या समजुतीपायी अनेक जणी जाणे टाळतात. स्तनपान चालू ठेवून देता येतील अशी नैराश्यावरील औषधे उपलब्ध आहेत, म्हणून ‘मी अंगावर पाजते’ हे वाक्य डॉक्टरांना न विसरता सांगावे. भरती व्हावे लागलेच तरी २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः आईपासून वेगळे करता येत नाही.

## ९. अ‍ॅप काढताना

बाळ वर्षाचे झाले आणि शेवटच्या दोन प्रश्नावल्यांचे गुण कमी आले की अ‍ॅप ठेवण्याचे कारण उरत नाही. उपचार चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारून काढावे. आधी गुणांचा कागद फाइलमध्ये लावावा, म्हणजे पुढच्या गरोदरपणात तो दाखवता येईल. मग अ‍ॅपमधील खाते आणि नोंदी पुसाव्यात, वर्गणी असेल तर रद्द करावी आणि त्यानंतरच अ‍ॅप फोनमधून काढावे. खाते न पुसता नुसते अ‍ॅप काढले तर तुमची उत्तरे कंपनीकडे तशीच राहू शकतात.